हळद प्यालेलं टेबल

कपातला चहा नेहमी सपाट असतो. कप वाकडा केला तरी चहा आपली पातळी सोडत नाही. विभावरीनं हे वर्गात मुलांना कितीदा तरी दाखवलं होतं, काचेच्या भांड्यात निळं पाणी घेऊन. म्हणून शुक्रवारी सकाळी नव्या टेबलावर ठेवलेल्या पहिल्याच कपात चहा एका बाजूला काठाशी आणि दुसऱ्या बाजूला जरा खाली दिसला, तेव्हा तिला चहाची शंका आली नाही. तिनं कप उचलून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. चहा काठाशी समांतर झाला. परत टेबलावर आणला. परत तेच.

तिनं बाल्कनीकडचा कोपरा तळहातानं दाबला. खाली टक् असं वाजलं. हात काढला, पुन्हा टक्. चारांपैकी एक पाय जमिनीला टेकतच नव्हता. मग ती वाकून टेबलाच्या कडेकडे पाहू लागली. मधल्या जादा फळीच्या टोकाला लाकडाचा वरचा पातळ पापुद्रा सुटला होता. नख घातलं तर सहज आत गेलं.

टेबलाच्या पलीकडे अनुराधाताई ओल्या फडक्यानं काहीतरी घासत होत्या. विभावरीच्या नवऱ्याची, सदानंदची, ही थोरली बहीण महिन्याभरासाठी पुण्याहून इथे आखातात आली होती.

"ताई, काय करताय?"

"काही नाही गं. काल लावलेली बोटं पुसतेय."

काल संध्याकाळी टेबल आलं. माणसांनी पाय जोडले, फळी बसवली, सदानंदची सही घेतली. ती माणसं लिफ्टपाशी पोचायच्या आत ताईंनी पर्समधला करंडा काढून टेबलाच्या बरोबर मध्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं. पंख्यानं उडू नये म्हणून बोट ओलं करून.

"कुंकू निघालं. हळद निघत नाही," ताई म्हणाल्या. "साबण लावला तर पिवळं होतं ते लाल झालं."

"साबणानं हळद लालच होते. तो तिचा गुणधर्म आहे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही साबण लावलात तेव्हा मी झोपले होते."

सदानंद दाढी अर्धी करून बाहेर आला. एका गालावर फेस होता. "काय झालं?"

"तुझं टेबल लंगडं आहे," ताई म्हणाल्या. "वर कातडीही सुटलीय त्याची. सही करायच्या आधी बघितलंस का?"

"ती माणसं यल्ला यल्ला करत घाई लावत होती, ताई. खाली गाडी डबल पार्क केली होती त्यांनी."

"त्यांची गाडी, त्यांचा दंड. बावीस वर्षं मी ग्राहक पंचायतीत लोकांना एकच गोष्ट सांगत आले. तपासल्याशिवाय सही करायची नाही. आणि माझा सख्खा भाऊ."

"तपासल्याशिवाय हळदीकुंकू लावायचं नाही, हेही सांगायला हवं होतंस," सदानंद म्हणाला आणि फेस वाळायच्या आत न्हाणीघरात गेला.

विभावरीनं तिथेच उभ्यानं चहा संपवला. खुर्च्या जुन्याच होत्या, आणि त्यांतल्या एकीवर लेकीची, शुभ्राची, शाळेची बॅग होती. बॅगेवरचं वेळापत्रक पाहून तिला आठवलं, उद्या शनिवार. उद्या प्रिन्सिपलना उत्तर द्यायचं होतं.

*

दुपारच्या जेवणाला शेजारचे हनीफभाई आणि मैमुनाबी येणार होते. टेबलाचा मुहूर्त म्हणून आठवड्यापूर्वीच बोलावलं होतं, आता मोडायचं कसं, म्हणून वाकड्या टेबलावरच पानं मांडली. उडत्या पायाखाली सदानंदनं पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून सरकवला. त्यानं पाय टेकला, पण टेबलाचा कल गेला नाही.

वाढता वाढता अनुराधा त्या खोलीकडे पाहत होती. आल्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. या घरात प्रत्येक वस्तूला परक्या माणसाचं आडनाव होतं. देवस्थळ्यांचा सोफा. मॅथ्यूंचं कपाट. जिला ही सगळी 'ती पंजाबी बाई' एवढंच म्हणत, तिचं ड्रेसिंग टेबल. देश सोडून जाणाऱ्यांकडून एकेक घेतलेलं, कारण आपणही पुढच्या वर्षी जाणारच, नवीन कशाला. तेरा वर्षं हे पुढचं वर्ष चाललं होतं. अनुराधाला ते सामान पाहून वाईट वाटलं नव्हतं. उलट हायसं वाटलं होतं. मुक्कामाला आलेली माणसं अशीच राहतात.

पुण्यात तिच्याच बिल्डिंगमध्ये, तिच्या खालच्या मजल्यावर, सदाचा फ्लॅट बंद होता. दर गुरुवारी ती खाली जाऊन खिडक्या उघडायची, नळ सोडून बघायची, आणि तासभर त्या रिकाम्या हॉलमध्ये स्टुलावर बसून पेपर वाचायची. घराला माणसाची सवय राहावी म्हणून. ती इकडे यायच्या आधी, टेबलाची ऑर्डर दिल्यावर, सदाचा फोन आला होता, "ताई, सागवानी आहे, आठ जणांचं. कंटेनरमधून पुण्याला नेता येईल." दुसऱ्या दिवशी तिनं टेप घेऊन हॉल मोजला होता.

"वहिनी, आमटी माझ्याकडे पळते आहे," हनीफभाई म्हणाले. ते नुकतेच नमाजहून आले होते, पांढरा पायघोळ कंदुरा अजून अंगावर होता. मूळचे रत्नागिरीकडचे, क्रीकच्या खाडीतल्या गलबतांना सामान पुरवायचा त्यांचा धंदा. "पाहुणा कोण ते तिला बरोबर कळलं."

"तुमच्याकडे सगळं जेवण पळतच येतं," मैमुनाबी म्हणाल्या. "घरी काय वेगळं होतं काय."

"पण सदाभाऊ, मला एक सांगा. तुम्ही कायम पुढच्या वर्षीवाले. मी तुम्हाला फ्रीज घे म्हटलं, तुम्ही म्हणालात पुढच्या वर्षी जायचंय. गाडी बदल म्हटलं, तेच. मग एवढं मोठं टेबल घेतलंत कसं?"

"ते पुण्याला जायचंय," अनुराधा म्हणाली. "खालच्या हॉलमध्ये बरोबर बसतं. भिंतीपासून हातभर जागा उरते."

शुभ्रानं कुरडई मोडता मोडता मान वर केली. ती दहावीत होती. "नो आत्या, पप्पांनी ते माझ्यासाठी घेतलंय. इलेव्हन्थ-ट्वेल्थला बुक्स पसरायला जागा हवी म्हणून. ही टोल्ड मी."

"मला वाटलं, लोक येतात, जागा पुरत नाही म्हणून," मैमुनाबी म्हणाल्या. "मला तसंच म्हणाले लिफ्टमध्ये."

"आणि तुम्हाला, वहिनी?" हनीफभाईंनी विचारलं.

"मला काहीच सांगितलं नाही," विभावरी म्हणाली. "आठ खुर्च्या कुठून आणायच्या, एवढंच विचारलं."

सगळे सदानंदकडे बघायला लागले. त्यानं मीठ मागितलं. मीठ त्याच्या हाताशीच होतं.

"एनीवे, इलेव्हन्थ तर इथेच असणार ना," शुभ्रा म्हणाली. "मम्मा इज सेटिंग अप द होल लॅब."

विभावरीनं तिच्याकडे पाहिलं, पण उशीर झाला होता.

"कसली लॅब?" अनुराधानं विचारलं.

"शाळेत अकरावी-बारावीचा सायन्सचा वर्ग सुरू होतोय," विभावरी म्हणाली. "केमिस्ट्रीची प्रयोगशाळा शून्यापासून उभी करायची आहे. नळ कुठे, गॅस कुठे, तिथपासून. मला विचारलंय. पण दोन वर्षं नक्की राहणार असाल तरच, म्हणाले."

"आणि उत्तर कधी द्यायचंय?"

"उद्या."

"काय देणार?"

विभावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. "बघू," सदानंद म्हणाला. "तू पोच तर पुण्याला, मग शांतपणे बोलू, असं आमचं चाललं होतं."

अनुराधाला हा बघू चांगला ठाऊक होता. बाबांनी विचारलं होतं इंजिनीअरिंग की कॉमर्स, तेव्हाही हा म्हणाला होता, बघू, आणि शेवटी फॉर्म तिनं भरला होता. ती आपल्या पानातली कोशिंबीर बघत राहिली. कोशिंबिरीचं पाणी भाताच्या दिशेनं चाललं होतं. आपण हॉल मोजत होतो तेव्हा इथे कुणीतरी नळ मोजत होतं, हे तिला आज कळत होतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. लोकांना राग येतो तेव्हा त्यांनी काय करावं, ते मात्र तिनं आयुष्यभर शिकवलं होतं.

"आधी टेबलाचं बघू," ती म्हणाली. "दुकान किती वाजता उघडतं?"

"चारला," हनीफभाई म्हणाले. "पण अनुताई, तिथे पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. इंग्लिश आणि अरबी दोन्हीत."

"अहो, त्या पाटीखाली मी लहानाची मोठी झाले. पुण्याची आहे मी. पैसे परत घ्यायचे. एकदा पैसे परत आले की टेबलाचा प्रश्नच मिटला."

कोणता प्रश्न मिटेल, ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना समजलं. हनीफभाईंनी ताक प्यायलं.

"माझंही घर आहे गावाला," ते थोड्या वेळानं म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी. "खिडक्यांना रंगीत काचा लावल्या. वर्षाला पंधरा दिवस आम्ही राहतो, बाकीचं वर्ष पारवे. गेल्या खेपेला आम्ही दार उघडलं तर ते असे बघायला लागले, जसे आम्हीच भाडेकरू."

मैमुनाबी हसल्या. मग विभावरीही हसली. अनुराधा हसली नाही, पण तिनं हनीफभाईंना आणखी भात वाढला.

*

अख्खं टेबल नेणं शक्य नव्हतं. विभावरीनं सुचवलं, मधली फळी निघते, ती नेऊ. सुटलेला पापुद्रा तिच्यावरच आहे आणि ताईंची हळदही तिच्यावरच. हनीफभाईंच्या डबल केबिन पिकअपमध्ये मागे चादरीत गुंडाळून फळी ठेवली. मैमुनाबी भांडणाला आल्या नाहीत. म्हणाल्या, मला भांडणात हसू येतं, उगाच तुमचा मुद्दा पडेल.

सदानंद पुढे हनीफभाईंच्या शेजारी बसला होता. मागे तिघी. सत्वा पार्कजवळ सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा आरशात त्याला ताईचा चेहरा दिसला. बाबांच्या जागी बसून हिशोबाच्या वह्या तपासायची तेव्हा असाच चेहरा करायची.

त्यानं टेबल का घेतलं, हे त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. शोरूममध्ये तो खरं म्हणजे ऑफिसच्या एका खुर्चीसाठी गेला होता. त्या टेबलावरून हात फिरवला आणि एकदम वाटलं, या वस्तूला कुणाचंच आडनाव नाही. घेतलं. घरी येताना भीती वाटायला लागली, म्हणून जो भेटेल त्याला एकेक कारण देत सुटला. ताईला पुणं दिलं, पोरीला अभ्यास दिला, मैमुनाबींना पाहुणे. विभाला काही दिलं नाही, कारण ती कारण लगेच तपासते.

"सदाभाऊ," हनीफभाई हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही बोललात तर बरं. बायका बोलत नाहीत तेव्हा गाडी जड चालते."

"काय बोलू?"

"ते मला काय ठाऊक. मी नुसता ड्रायव्हर आहे आज."

"हनीफभाई," मागून ताई म्हणाली, "पाठीमागे ऐकू येतं बरं का."

"म्हणूनच हळू बोललो, अनुताई," हनीफभाई म्हणाले, आणि शुभ्रा फिसकन हसली. हसता हसता तिनं आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आत्यानं ते काढलं नाही. सदानंदनं आरशातून नजर वळवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अल क्वोजची गोदामं लागली होती, सगळी एकसारखी, सगळ्यांच्या दारांशी उतरवलेला माल.

*

शोरूमच्या मॅनेजरचं नाव शौकत होतं. लाहोरचा माणूस, बोलायला गोड. त्यानं आधी सगळ्यांसाठी चहा मागवला, मग चादर उलगडून फळी पाहिली आणि डाग दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, ये तो कलर लगा है. ये कस्टमर डॅमेज है. हमारे यहां से तो माल ऐसा नहीं गया."

"कलर नही है वो," अनुराधाताई म्हणाल्या. "वो हळद है. हमने पूजा किया."

"पूजा किया तो बहुत अच्छा किया, बहनजी. मगर टेबल तो खराब हो गया ना."

"टेबल पहलेसे खराब था. उसका एक पाय हवा में है. आमटी इधर से उधर जाती है."

"क्या जाती है?"

"दाल," शुभ्रा म्हणाली. "शी मीन्स दाल. द टेबल इज नॉट लेव्हल, अंकल."

"पैर तो हम ठीक कर देंगे, बेटा. आदमी भेज देंगे, इन्शाल्ला."

ताई हनीफभाईंकडे वळल्या. "हे इन्शाल्ला म्हणजे हो की नाही?"

"ते म्हणणाऱ्यावर आहे," हनीफभाई म्हणाले. "मी म्हटलं तर हो. दुकानदार म्हटला तर तारीख विचारायची."

"तारीख बोलो," ताई शौकतला म्हणाल्या. शौकत हसला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मग सदानंदच्या सहीकडे. माल चांगल्या स्थितीत मिळाला, असं सहीच्या वर छापलेलं होतं. "साहब पढ़े-लिखे आदमी हैं, साइन किया है. अब डाग के लिए मैं ऑफिस में क्या जवाब दूं?"

ताईंची नजर फळीवरच्या डागावर गेली. पायाबद्दल, पापुद्र्याबद्दल त्यांच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. डाग मात्र त्यांच्या बोटाचा होता. विभावरीनं पाहिलं, त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला होता.

विभावरी शोरूममधल्या टेबलापाशी उभी होती. अगदी तसंच टेबल, त्याच लाकडाचं. सदानंदनं हेच पाहून ऑर्डर दिली होती. तिनं त्याच्यावरून हात फिरवला, मग येऊन फळीवरून फिरवला, मग परत तिकडे. काचेवर आणि खडूवर बोट फिरवल्यावर वाटतो तेवढा फरक.

"ताई, तुमचा करंडा द्या."

"आता कशाला?"

"द्या तर."

तिनं करंडा उघडला, चहासोबत आलेल्या पाण्यात बोट बुडवलं, चिमूटभर हळद घेतली आणि शोरूमच्या चकचकीत टेबलाच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं.

"अरे मॅडम, ये क्या कर रहे हो," शौकत खुर्चीतून उठला.

"दोन मिनिटं," विभावरी म्हणाली. मग आठवून, "दो मिनट, भाईसाहब. चाय पीजिए."

कुणी चहा प्यायला नाही. सगळे त्या पिवळ्या ठिपक्याभोवती उभे राहिले. दुकानातलं एक जोडपं सोफा बघता बघता इकडे सरकलं. थोड्या वेळानं विभावरीनं टेबलावरच्या खोक्यातून टिश्यू ओढला आणि ठिपका पुसला. टिश्यू पिवळा झाला. टेबल जसं होतं तसं झालं. खाली वाकून पाहिलं तरी काही दिसत नव्हतं.

मग तिनं पाण्याचे दोन थेंब टाकले, एक शोरूमच्या टेबलावर आणि एक फळीवर. टेबलावरचा थेंब मण्यासारखा बसून राहिला. फळीवरचा पसरला, गडद झाला आणि बघता बघता आत गेला.

"हळद डाग पाडते, पण उघड्या लाकडावर," ती म्हणाली. हिंदीत सांगायला लागली आणि मध्येच मराठीत आली. हनीफभाई मागून वाक्यं जोडत गेले. "पॉलिशचा शेवटचा थर असता तर ती वरच राहिली असती आणि फडक्याला आली असती. या टेबलावर ती वरच राहिली. आमच्या टेबलात आत गेली. म्हणजे जे दाखवलं ते पाठवलं नाही. पूजा केली नसती तर हे आम्हाला पुढे कधीतरी पहिली आमटी सांडल्यावर कळलं असतं."

"आपका टेबल हळद पीता है," ताई शौकतला म्हणाल्या. त्यांचा आवाज परत आला होता. "उसको दाल भी मत देना."

सोफ्याजवळचं जोडपं हसलं. शौकतनं स्वतः वाकून फळीवर बोट फिरवलं. मग फोन उचलून गोदामाशी पंजाबीत बराच वेळ बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याचा गोडवा कमी झाला होता, पण तो जास्त खरा वाटत होता.

"सेल का टाइम था. वेअरहाउस में जो फिनिशिंग के लिए अलग रखा था, वही लोड कर दिया. मैंने बोला था चेक करो." त्यानं कपाळ चोळलं. "बहनजी, कुछ डिस्काउंट करवा दूं? पॉलिश भी करवा दूं?"

"नको," ताई म्हणाल्या. "सवलत नको, डागडुजी नको. हमको जो दिखाया वो चाहिए, नही तो पूरा पैसा. नही तो हम तुम्हारे सरकारी ऑफिस में जायेगा. पता हनीफभाई को मालूम है."

हनीफभाईंना तो पत्ता ठाऊक नव्हता. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"इतनी दूर मत जाइए. आप जो बोलेंगे वो करूंगा." शौकतनं नवा कागद त्याच टेबलावर पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. "मगर आप बता दीजिए, रिफंड या रिप्लेसमेंट. रिफंड तो आज ही हो जाएगा, खलास. रिप्लेसमेंट में टाइम लगेगा, माल बाहर से आता है. दो महीना, तीन महीना. उसके बाद भी कुछ हुआ तो साल भर मैं जिम्मेदार हूं." त्यानं मान वर केली. "तब तक आप लोग इधर हैं ना?"

हा प्रश्न इथे सगळे सगळ्यांना विचारायचे. व्हिसाच्या रांगेत, शाळेच्या ऑफिसात, दूधवाला, टेलिफोनवाला. विभावरीनं त्याचं उत्तर सदानंदच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला श्वाससुद्धा तिला ठाऊक होता.

"वैसे तो," सदानंदनं सुरुवात केली, "अगले साल."

तो बहिणीकडे बघायला लागला. ज्या कागदावर सही करायची तो तिनंच भरावा, अशी त्याची जन्माची सवय होती. शौकतनंही ताईंकडेच पेन केलं. इतका वेळ भांडण त्याच चालवत होत्या.

ताईंनी पेन घेतलं. रिफंड हा शब्द त्यांच्या अगदी जवळ छापलेला होता. एक खूण करायची. विभावरीला दिसत होतं, त्यांना ती करायची होती. त्यांनी चष्मा वर सरकवला, त्या चकचकीत टेबलाकडे पाहिलं. ते खालच्या हॉलमध्ये कसं दिसलं असतं ते बहुधा बघत असाव्यात. मग त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पंचायतीत नवीन कार्यकर्ता आला की मी त्याला पहिल्या दिवशी सांगते. ग्राहकाच्या बाजूनं कितीही भांड. पण निवड त्याची त्यालाच करू दे. तो त्याचा हक्क आहे, आपला नाही." त्या भावाकडे वळल्या. "मी भांडले. आता बोला तुमचं तुम्ही."

"ताई, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ते मी गेली तेरा वर्षं दर गुरुवारी करतेय, सदा. ते विचारू नकोस. आणि तुलाही मी आज विचारत नाही. तू म्हणशील बघू." त्यांनी कागद बोटानं सरकवला. टेबल इतकं सपाट होतं की तो आवाज न करता विभावरीसमोर येऊन थांबला. "हळदीची परीक्षा हिनं घेतली. उत्तर हीच सांगेल."

शुभ्रानं आईच्या ओढणीचं टोक धरलं होतं, लहानपणी धरायची तसं. हनीफभाई एका कपाटाचं दार उघडून आत बघत होते, त्यात काही नसताना. सदानंदनं विभावरीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती असेल असं तिला वाटलं होतं, ती नव्हती. सुटकेची वाट बघणारं माणूस दिसतं तसा तो दिसत होता.

तिनं पाण्याच्या त्या थेंबाकडे पाहिलं. तो अजून तसाच होता, गोल, आपल्या जागी, कुठल्याच बाजूला न कललेला.

"बदलून द्या," ती मराठीतच म्हणाली, शौकतला नव्हे, सगळ्यांना. "थांबू आम्ही तीन महिने. आम्ही इथेच आहोत. पुढच्या वर्षीसुद्धा."